अवतरंग की अनुप्रस्थ तरंग?

भाषांतरी: भूकंपावरचा मजकूर मराठीत आणतेय. मी 'अनुप्रस्थ' (कण तरंगाच्या दिशेला आडवे हलतात ते) आणि 'अनुदैर्घ्य' (दिशेतच हलतात ते) लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे खोडून अनुक्रमे 'अवतरंग' आणि 'अनुतरंग' केलं. दोन्ही एका वाक्यात आले की वाचणारा हमखास गोंधळतो. तुम्ही काय वापरता?

फळाखडू: अवतरंग-अनुतरंगच, पाठ्यपुस्तकात तेच आहेत. अनु म्हणजे मागोमाग. कण तरंगाच्या दिशेतच पुढे-मागे होतात, म्हणून अनुतरंग. रांगेत मागून धक्का आला की माणूस जागेवरच डुलतो, धक्का मात्र पुढे जातो, तसं. संपीडन (कण दाटतात), विरलन (विरळ होतात), पुन्हा संपीडन. हवेतून आवाज असाच येतो, २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर.

तिरपागडा: 'अनु' पटला. पण 'अव' म्हणजे खाली ना? अवनती, अवरोह. दोरी झटकली की ती वरही जाते. भूकंपाच्या दुय्यम, म्हणजे मागून येणाऱ्या, तरंगांत तर जमीन डावी-उजवीकडेही हलते. 'अनुप्रस्थ'मध्ये निदान आडवेपणा आहे.

फळाखडू: हिंदीतला शब्द आहे तो.

तिरपागडा: संस्कृत आहे हो! हिंदीने वापरला म्हणून विटाळ झाला का?

खरडूदास: सरळ 'उभे तरंग', 'आडवे तरंग' म्हणा की.

फळाखडू: खांबातून वर चाललेल्या तरंगाचं उभं कुठलं नि आडवं कुठलं? दिशा तरंगाची बघायची, आपली नाही.

भाषांतरी: माझं वाक्य असं आहे: प्राथमिक तरंग आधी पोचतात, ते अनुतरंग. दुय्यम मागून येतात, ते अवतरंग. ते द्रवातून जात नाहीत, कारण द्रव आडव्या ओढीला दाद देत नाही. पृथ्वीचा द्रवरूप बाह्य गाभा ते ओलांडत नाहीत ते यामुळेच. इथे कुठला शब्द बसेल?

खरडूदास: समुद्राच्या लाटेला काय म्हणणार मग? खोल पाण्यात पृष्ठभागावरचा कण जवळजवळ गोल फिरतो. वर-खालीही, पुढे-मागेही.

तिरपागडा: ती लाटच. तरंग लहान, लाट मोठी. आणि 'तरंगणे' बघा: फळकुट लाटेबरोबर पुढे जात नाही, तिथल्या तिथे डुलतं. तरंगाचं अख्खं शास्त्र त्या क्रियापदात आहे.

फळाखडू: हवेतल्या आवाजाला 'ध्वनिलहरी' म्हणता, तेव्हा ही लहान-मोठी मापं कुठे जातात?

खरडूदास: आणि 'यांत्रिक तरंग' कुणी केलं? माध्यम लागतं एवढाच अर्थ, त्यात यंत्र कुठून आलं? 'माध्यमतरंग' का नाही?

फळाखडू: आता यावरून नवं भांडण नको.

तिरपागडा: का नको? माझं मत 'माध्यमतरंग'ला.