हिशेबाचे काम सोडून सॉफ्टवेअरकडे वळावे का? हे क्षेत्र आपल्याला मानवेल, हे आधी कसे ओळखावे?

खतावणी_इतवारी

नमस्कार. माझे वय २७ आहे. बी.कॉम. झाल्यापासून गेली सहा वर्षे मी नागपूरच्या इतवारीतील एका घाऊक किराणा पेढीचे हिशेब सांभाळते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील नोंदी, बँकेचा मेळ, आणि दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांचे जीएसटीचे विवरण, तयार झाले की त्यातील बिले आमच्या खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहणे, हे माझे मुख्य काम आहे. पूर्वी आम्ही दोघीजणी छापील कागदांवर पेन्सिलीने खुणा करीत ती बिले जुळवायचो. गेल्या वर्षी मी एक्सेलमधील व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतील नोंद दुसऱ्या यादीत शोधून देणारे सूत्र, शिकले आणि तीन दिवसांचे काम एका दुपारवर आले. त्या दुपारचा आनंद अजून मनात आहे.

तेव्हापासून वाटू लागले आहे की आपण या क्षेत्रातच जावे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेला माझा मामेभाऊ म्हणतो की नोकरी सोड आणि सहा महिने पूर्णवेळ शीक. सीताबर्डीवरील एका क्लासमध्ये चौकशी केली, तेव्हा माझ्या जवळजवळ सहा महिन्यांच्या पगाराएवढे शुल्क सांगितले गेले आणि नोकरीची हमी तोंडी मिळाली. ती लेखी मागताच विषय बदलण्यात आला. बाबा निवृत्त झाले आहेत आणि घरखर्चात माझा वाटा आहे, त्यामुळे चुकीचा निर्णय मला परवडणारा नाही.

पगाराचे आकडे मला ठाऊक आहेत, त्याविषयी विचारायचे नाही. हे काम दहा वर्षे करताना माझे मन त्यात रमेल की नाही, हे नोकरी सोडण्यापूर्वी कसे पारखावे? एक्सेल आवडणे एवढा पुरावा पुरेसा आहे का? बारावीनंतर गणिताशी संबंध राहिलेला नाही, हेही सांगून ठेवते.

परसोडीचा_रहिवासी

ताई, मी चौदा वर्षे प्रोग्रामिंग करीत आहे. आधी पुण्यात होतो आणि आता नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात आहे. तुम्ही सांगितलेला आनंद खरा आहे, पण तो काम जमल्याच्या क्षणाचा आहे. आमच्या दिवसातला मोठा भाग काम न जमण्यात जातो. दुसऱ्याने चार वर्षांपूर्वी लिहिलेला कोड, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर, वाचायचा, त्याने असे का केले असेल याचा अंदाज बांधायचा, आणि एखादी चूक नेमकी कुठे दडली आहे ते शोधत बसायचे. नवीन काही लिहिण्याचे तास त्या मानाने थोडे असतात.

म्हणून मी एवढेच विचारीन की व्हीलूकअपने तुम्हाला कधी चुकीचे उत्तर दिले का, आणि तेव्हा तुम्ही काय केले? त्या सूत्रात चौथ्या जागी फॉल्स लिहायचे राहिले, तर एक्सेल तंतोतंत जुळणारी नोंद शोधण्याऐवजी जवळची नोंद आणून ठेवू शकते. कसलीही चूक दाखवली जात नाही आणि आकडा दिसायला अगदी बरोबर दिसतो. असे झाल्यावर काही माणसे वैतागून पुन्हा पेन्सिल हाती घेतात, तर काहींना ते का झाले हे कळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आमचे काम मानवते, असा माझा अनुभव आहे. तुमच्या कामात लागते तेवढेच गणित बहुतेक कामांना पुरते. तर्क मात्र नीट लावता आला पाहिजे.

नोकरी सोडू नका. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकण्यासाठी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क पडते. चार आठवडे रोज एक तास द्या आणि मग स्वतःच्याच कामातला एक प्रश्न सोडवा. माझी सूचना अशी: जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, आपल्याकडे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची. आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेले असते. पुरवठादारांच्या यादीतील प्रत्येक क्रमांक त्या शेवटच्या अक्षराशी पडताळून चुकीचे क्रमांक वेगळे काढणारा प्रोग्राम लिहा. तो चालला की नाही यापेक्षा, तो चालत नव्हता त्या संध्याकाळी तुमची मनःस्थिती कशी होती, याची नोंद ठेवा.

चाचणी_विभाग

वरील उत्तराशी मी बरीचशी सहमत आहे. मात्र सॉफ्टवेअर म्हणजे केवळ कोड लिहिणे, असे चित्र त्यातून उभे राहते, ते मला अपुरे वाटते. मी स्वतः वाणिज्य शाखेची आहे आणि नऊ वर्षे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेते. एकदा आमच्याकडे क्रेडिट नोट, म्हणजे माल परत आल्यावर बिलाची रक्कम कमी करणारी नोंद, नोंदवली की कर कमी होण्याऐवजी वाढत होता. कोड लिहिणारा मुलगा अतिशय हुशार होता, पण क्रेडिट नोट म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याने तिला आणखी एक बिल समजून रकमेत मिळवले होते. ती चूक मला पाहताक्षणी दिसली, कारण ती प्रोग्रामिंगची नसून खतावणीची होती.

तुमची सहा वर्षे वाया गेलेली नाहीत. चाचणी, ग्राहकाच्या पेढीत नवी प्रणाली बसवून देणे, व्यवसायाची गरज समजून ती प्रोग्रामरला लिहून देणे, या कामांत तुमच्यासारखी माणसे हवी असतात. तेव्हा आपल्याला काय करताना वेळेचे भान राहत नाही ते बघा: सूत्र रचताना, चूक पकडताना, की दुसऱ्याला समजावून सांगताना?

परत_आलेला

मी चार वर्षे या क्षेत्रात राहून बाहेर पडलो आणि आता नागपुरातच शिकवतो. मला जमत नव्हते असे नाही. अमेरिकेतील ग्राहकांसाठी काम होते; हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आणि बैठका त्याच वेळी असायच्या. त्याहून जड गेले ते हे की जे शिकलो ते तीन वर्षांत मागे पडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागायचे. माझ्या मित्राला त्यातच मौज वाटत असे, मला थकवा येत असे. मामेभावाला पगाराऐवजी त्याचा मागचा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला, हे विचारा.

खतावणी_इतवारी

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. पडताळणीचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या दिवशी त्याने आमच्या यादीतील निम्मे क्रमांक चुकीचे ठरवले. रविवारी दुपारी बसले ती रात्री अकराला उठले. शेवटी लक्षात आले की एक्सेलमधून उतरवताना त्या क्रमांकांच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटून आली होती. ती काढल्यावर तीनच क्रमांक उरले. त्यांतील एकात शून्याच्या जागी इंग्रजी ओ टंकला गेला होता, आणि त्याच पुरवठादाराची बिले चार महिने जुळत नव्हती. आईने दोनदा जेवायला हाक मारली, तरी मला उठावेसे वाटले नाही.

त्यानंतर तोच प्रोग्राम पेढीतील इतरांना वापरता यावा म्हणून त्याला बटणे आणि रकाने जोडायला घेतले, तेव्हा मात्र तिसऱ्या दिवशी कंटाळा आला आणि ते अर्धवट राहिले. मामेभावाने त्याचा मंगळवार सांगितला; त्यातले चूक शोधण्याचे तीन तास सोडले तर मला त्याचा हेवा वाटला नाही.

क्लासला नकार कळवला आहे. नोकरी चालू ठेवून चाचणीच्या कामाची तयारी करायची, असे घरी बोलून ठरवले. चाचणी विभागातील ताईंना विचारायचे आहे की अर्जासोबत माझी ही पडताळणी आणि त्या तीन क्रमांकांची हकीकत लिहून पाठवली तर चालेल का? पुरवठादारांची नावे आणि क्रमांक अर्थातच झाकीन.

चाचणी_विभाग

अवश्य पाठवा. क्रमांक झाकण्याऐवजी बनावट क्रमांक घाला, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचा प्रोग्राम चालवून पाहता येईल. आणि त्या मोकळ्या जागेची हकीकत सर्वांत आधी लिहा.