मुक्काम माइन्झला करा

जर्मनीतल्या फ्रँकफर्टला ऑक्टोबरात भरणाऱ्या पुस्तक मेळ्यासाठी प्रदर्शनाच्या दारातच हॉटेल घ्या, असा सल्ला मिळतो. खिसा गरम असेल तर जरूर घ्या. त्या आठवड्यातले तिथले दर ऐकूनच घाम फुटतो. त्यापेक्षा जवळचं माइन्झ शहर बघा. एस-८ लोकल माइन्झहून विमानतळ करत फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनात येते, तिथून यू-४ मेट्रोने पुढचंच स्टेशन फेस्टहाले/मेसे, म्हणजे प्रदर्शनाचंच. शिवाय माइन्झ म्हणजे युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गचं गाव, पुस्तकवाल्यांना आणखी काय हवं! बुकिंग मात्र फुकट रद्द करता येणारंच करा. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण शिक्का पडेपर्यंत जीव टांगणीला असतो. या व्हिसासाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोच्या संरक्षणाचा लागतो. आणि हो, रविवारी बहुतेक दुकानं बंद; दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.