'संदर्भाने पाठवणे' म्हणजे नक्की काय पाठवणे?

भाचीनं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची टिपणं मराठीत लिहायला घेतलीत आणि तपासायला माझ्याकडे दिलीत. 'पॅरामीटर'ला (प्रोग्रॅमच्या एका तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, काम करायला जे पुरवतो ते) तिनं 'प्राचल' लिहिलंय, 'व्हेरिएबल'ला 'चल'. चल तर शाळेच्या बीजगणितातलाच, त्यावर तक्रार नाही. अडलं ते पुढच्या पानावर: 'कॉल बाय व्हॅल्यू' म्हणजे 'मूल्याने पाठवणे' आणि 'कॉल बाय रेफरन्स' म्हणजे 'संदर्भाने पाठवणे'.

वीस वर्षं याच कामावर पोट भरतोय, तरी ही दोन वाक्यं तीनदा वाचून काही बोध होईना. एक तर तो 'ने'. आपण पोस्टाने पाठवतो, एसटीने पाठवतो. 'ने' लागला की पाठवायचं साधन आलं. इथे मूल्य हे साधन नाही, पाठवायची वस्तूच तीच. आणि 'संदर्भ'? तो असतो वाक्याला, नाहीतर 'आपल्या दि. अमुकच्या पत्राच्या संदर्भात' असा सरकारी कागदाला. 'संदर्भासहित स्पष्टीकरण' लिहून पास झालेल्या मुलीला 'चल संदर्भाने पाठवला' सांगितलं, तर ती मागचा-पुढचा परिच्छेद शोधत बसेल.

मूळ गोष्ट एवढीच आहे. फंक्शनला चल देताना एक तर त्यातल्या आकड्याची वेगळी प्रत काढून द्यायची. तिकडे तिचं काहीही झालं तरी आपला आकडा जागेवर. नाहीतर आपला चलच त्याच्या हाती द्यायचा. तिकडे खोडलं की इकडेही खोडलं गेलं. 'कॉपी' म्हणायला नको, त्याला आपल्याकडे परीक्षेचा वास आहे. 'प्रत' चालेल, पण 'उत्तम प्रतीचा तांदूळ' मध्ये येतो. मला 'नक्कल' बरा वाटतो. समोरच्या बाजूला काय ठेवावं?

प्रतिसाद १

'नक्कल' म्हटलं की मुलांना गॅदरिंगमधल्या नकला आठवणार. सर वर्गात कसे चालतात वगैरे.

धागाकर्ता

तालुक्याला जाऊन 'सातबाराची नक्कल द्या' म्हणा, कुणीही हसणार नाही.

प्रतिसाद २

सातबारा निघालाच आहे तर थोडं सांगतो. घरी शेती आहे, नोकरी जावा भाषेत प्रोग्रॅमिंगची.

नक्कल काढून आणली आणि तिच्यावर पेनानं आपल्या नावापुढे दोन एकर वाढवले, तर दफ्तरात एक गुंठाही हलत नाही. हा तुमचा पहिला प्रकार. आता समजा माझ्याकडे एका चिठ्ठीवर गट नंबर लिहिलेला आहे आणि मी तो दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवून तुम्हाला दिला. चिठ्ठी नक्कलच आहे. पण ती घेऊन तुम्ही शेतावर पोचू शकता, आणि पोचलात की बांध कोरू शकता. तो बांध खराच कोरला जातो. उलट तुमच्या चिठ्ठीवरचा नंबर खोडून तुम्ही दुसरा लिहिलात, तर माझ्या चिठ्ठीला काही होत नाही. तुम्ही भलत्याच्या शेतात जाल, इतकंच.

जावाबद्दल मुलाखतीत जो वाद घालतात तो सगळा या चिठ्ठीत आहे. अर्धे म्हणतात ऑब्जेक्ट रेफरन्सनं जातो, उरलेले म्हणतात सगळं व्हॅल्यूनंच जातं. दुसरे बरोबर आहेत. जाते ती नक्कलच, फक्त पत्त्याची नक्कल. सीमध्ये पॉइंटर, म्हणजे चलाचा पत्ता, देतो तेव्हाही हेच. सीमध्ये खरं म्हणजे दुसरा प्रकार नाहीच. पत्त्याची नक्कल देऊन काम भागवलं जातं आणि टिपणांत त्यालाच 'कॉल बाय रेफरन्स' म्हणून टाकतात.

प्रतिसाद ३

पायथन शिकवते, म्हणून माझी भर. वर्गात मी बाजाराची यादी घेते: कांदे, बटाटे. एक फंक्शन त्या यादीत कोथिंबीर जोडतं. बाहेर येऊन यादी छापली की कोथिंबीर हजर. मुलं ओरडतात, 'रेफरन्स!' मग दुसरं फंक्शन. आत एकच ओळ: यादी = ['दूध']. बाहेर छापली की कांदे, बटाटे, कोथिंबीर. दुधाचं नाव नाही. मुलं ओरडतात, 'व्हॅल्यू!' आणि मग माझ्याकडे बघत बसतात. नियम दोन्ही वेळा तोच आहे. पहिल्या फंक्शननं शेतावर जाऊन काम केलं, दुसऱ्यानं आपल्या चिठ्ठीवरचा नंबर बदलला.

(जाता जाता: पायथन ३ मध्ये चलाचं नाव खरोखर देवनागरीत 'यादी' असं देता येतं. मुलांना याचंच कौतुक जास्त.)

१९७० च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लू नावाची भाषा तयार केली, तिथे या प्रकाराला 'कॉल बाय शेअरिंग' असं वेगळं नाव मिळालं. याला मराठी शब्द सातबारावाल्या दादांकडेच असावा.

प्रतिसाद २

आहे ना, सामाईक! विहीर सामाईक असते. खातेदार दोन, विहीर एक. एकानं गाळ उपसला की पाणी दोघांचं वाढतं. एकानं विहीर सोडून स्वतःची बोअर मारली तर दुसऱ्याच्या विहिरीला काही फरक नाही.

धागाकर्ता

'सामाईक' उचलला. भाचीला सीपुरतं 'पत्ता देणे' पुरेल, पण पायथनला ती येईल तेव्हा हा कामी येईल.

तरी अस्सल दुसरा प्रकार उरतोच. पास्कलमध्ये प्राचलाआधी 'व्हार' लिहिलं, सी प्लस प्लसमध्ये & लावला, सी शार्पमध्ये 'रेफ' म्हटलं, की चिठ्ठीची नक्कल जात नाही, माझ्याच हातातली चिठ्ठी जाते. तिकडे नंबर खोडला की माझ्याकडचाच खोडला गेला. सी शार्पचं मला आवडतं ते असं, की 'रेफ' फंक्शन लिहितानाही लिहायचा आणि बोलावतानाही. देणाऱ्याला कळतं की आपण काय हातचं सोडतोय.

व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये उलट होतं. काही न लिहिता प्राचल दिला की मूळच जायचं, नक्कल हवी तर 'बायव्हॅल' असं मुद्दाम लिहा. (पुढची डॉट नेट आवृत्ती आल्यावर हे फिरवलं.) पहिल्या नोकरीत त्यानं मला तीन दिवस जागवलंय. बिल छापणारी एक प्रोसीजर होती. आत कुणीतरी छापण्यापुरती रक्कम पूर्ण रुपयांत केलेली. छापून परत आलं की बाहेरची रक्कमही पूर्ण रुपयांत, आणि तीच पुढे खतावणीत. गंमत म्हणजे बिल दोन स्क्रीनवरून निघायचं. एकाचा हिशेब जुळायचा, दुसऱ्याचा पैशापैशांनी चुकायचा. शेवटी सापडला तो फरक दोन कंसांचा. एकीकडे लिहिलं होतं 'छापा रक्कम', दुसरीकडे 'छापा (रक्कम)'. कंस घातला की व्हीबी आधी कंसातली किंमत काढतं आणि तिची तात्पुरती नक्कल पुढे देतं. म्हणजे ज्यानं चुकून कंस घातला त्याचा हिशेब बरोबर!

प्रतिसाद ४

माझ्या वडिलांच्या पिढीतल्या फोर्ट्रान भाषेचा किस्सा याच्याही वरचढ. तिथे प्राचल मूळच जायचे. काही जुन्या कंपायलरांत (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरांत) ४ हा आकडा थेट सबरूटीनला दिला आणि तिनं त्यात १ मिळवला, की प्रोग्रॅममध्ये पुढे जिथे जिथे ४ लिहिलाय तिथे ५ समजला जायचा. चार म्हणजे पाच!

शब्दाचं म्हणाल तर 'हवाला' का नको? वर्तमानपत्रात 'सूत्रांच्या हवाल्याने' रोज छापतात, तो रेफरन्सच आहे की.

धागाकर्ता

'हवाल्याने पाठवले' म्हटलं तर भाचीच्या घरी ईडी येईल. पण 'हवाली करणे' छान आहे, तो रस्ट भाषेसाठी ठेवू. तिथे वेक्टर किंवा स्ट्रिंग फंक्शनच्या हवाली केली की ती आपली राहत नाही; परत वापरायला गेलात तर कंपायलर प्रोग्रॅम पुढेच सरकू देत नाही.

प्रतिसाद ३

आणि रस्टमधल्या 'बॉरो'ला 'उसनं' म्हणू नका, प्लीज. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर ती चहात जाते आणि परत दुसरी साखर जाते. रस्टमध्ये तीच वस्तू मालकाकडेच राहते, दुसरा फक्त वापरतो. शेजारची शिडी आणतो तसं. शिडी कुणी उसनी आणली असं म्हणत नाही, 'मागून आणली' म्हणतात.

प्रतिसाद ५

१९६० च्या अल्गोल भाषेत 'कॉल बाय नेम'ही होतं, ते विसरू नका. दिलेली अख्खी पदावली न सोडवता आत न्यायची आणि जितक्या वेळा तिचा उल्लेख येईल तितक्या वेळा नव्यानं सोडवायची. त्यामुळे दोन चलांची साधी अदलाबदल करणारी प्रोसीजर 'आय' आणि 'ए' या यादीचा आयवा (म्हणजे 'आय'मध्ये जो आकडा असेल त्या क्रमांकाचा) घटक अशा जोडीला लावली की फसायची, कारण आधी 'आय' बदलला की आयवा घटकच वेगळा. इथे मात्र तुमचा 'ने' चपखल बसतो: नावाने खडे फोडणे.

धागाकर्ता

हा शब्द टिपणांत जाणार नाही, पण भाचीला वाचून दाखवला. ती हसली आणि तिनं तिचा खरा प्रश्न विचारला, जो इतका वेळ कुणी विचारलाच नव्हता: कीबोर्डवरून आकडा घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये &वय लिहायचं, पडद्यावर छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये नुसतं वय, आणि ते & विसरलं की प्रोग्रॅम बहुतेकदा कोसळतो; मग ते चिन्ह मराठीत वाचायचं कसं? प्रिंटएफला वय फक्त वाचायचंय, त्याला नक्कल पुरते. स्कॅनएफला त्यात लिहायचंय, म्हणून त्याला जागा कळली पाहिजे. तिला म्हटलं, &वय हे 'वयचा पत्ता' असं वाच. चिन्ह आधी येतं आणि 'चा पत्ता' नंतर, पण २५ रुपये लिहितानाही आपण ₹ आधी लिहितो आणि 'रुपये' नंतर म्हणतो. तिनं समासात तसं लिहून घेतलंय, 'वयाचा' असं सुधारून.