मदत हवी आहे: सीओपीडी असलेल्या वडिलांना दक्षिण स्पेनमधील ऑलिव्हच्या गावी कोणत्या महिन्यांत बोलवावे?

नमस्कार,

आम्ही स्पेनच्या खाएन प्रांतात व्हियानुएवा देल आर्थोबिस्पो या गावात राहतो. वस्ती आठ हजारांच्या आसपास आणि शिवारात ऑलिव्हखेरीज दुसरे पीक जवळजवळ नाहीच. या एका प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. वाळवा तालुक्यात राहणारे माझे वडील आमच्याकडे यायचे म्हणत आहेत. त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार आहे, आणि ऊसतोडीच्या हंगामात शेजारच्या फडात पाचट पेटवले की रात्र उशीला टेकून, बसूनच काढावी लागते. शेंगेन व्हिसावर (स्पेनसह युरोपातील बहुतेक देशांसाठीचा एकत्रित व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येत असल्याने महिने निवडणे भागच आहे.

लहान गाव म्हणजे मोकळी हवा, असे घरचे सगळे समजून चालले आहेत. येथे तसे नाही. हवेतील धूलिकण कमी करण्यासाठी खाएन ज्या प्रदेशात येतो त्या आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारला या एवढ्याशा गावाकरिता स्वतंत्र आराखडा करावा लागला आहे. हिवाळ्यात तोडणी आणि तेल गाळण्याचा हंगाम असतो, त्यामागोमाग छाटणी होते आणि छाटलेल्या फांद्या बांधावरच जाळल्या जातात. घराघरांतील शेगड्यांतही ऑलिव्हचे सरपण, फळाच्या कोया आणि तेल काढून उरलेला वाळका चोथा जळत असतो. जानेवारीत वारा पडलेल्या सकाळी शेतांतून धुराच्या रेघा सरळ वर चढताना दिसतात आणि एका ठरावीक उंचीवर सगळ्या एकदम आडव्या होतात, कारण खालची हवा थंड आणि वरची उबदार असल्याने धुराला वर जाता येत नाही. दुपारपर्यंत तो गावावरच बसून राहतो. वडिलांचा त्रास धुराचा असल्यामुळे नोव्हेंबरअखेर ते मार्च हा काळ मी आधीच बाद केला आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सहारातील धूळही येते. १५ मार्च २०२२ रोजी स्पेनच्या मोठ्या भागावर आकाश नारिंगी झाले होते, हे काहींना आठवत असेल. युरोपीय नियमांनुसार पीएम १० चे, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग) धूलिकणांचे, दिवसाचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षातून ३५ पेक्षा अधिक वेळा जाऊ नये. मात्र ही मोजणी करताना नैसर्गिक धूळ वजा करण्याची मुभा आहे. आजारी फुप्फुसाला अशी वजावट मिळत नाही, म्हणून मी केवळ वार्षिक अहवालावर विसंबू इच्छित नाही.

माझी खरी अडचण मे महिन्याची आहे. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह फुलतो आणि परागकणांचे प्रमाण घनमीटरमागे हजारांत जाते. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवले तर पिवळी भुकटी लागते. हा परागकण साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे पीएम १० च्या मापात न बसणारा, त्यामुळे नेमक्या त्याच दिवसांत मोजणी केंद्राचे आकडे स्वच्छ दिसू शकतात. वडिलांचा ऑलिव्हशी आजवर संबंध आलेला नाही. पण मोगरा, जाई आणि पारिजातक ही त्याच कुळातील झाडे आमच्या अंगणात आहेत आणि त्यांचा त्यांना कधी त्रास झालेला नाही. यावरून काही अनुमान काढता येईल का? मला शंका वाटते, कारण मोगऱ्याचे पराग ऑलिव्हसारखे वाऱ्यावर उधळत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांजवळ जातो आणि दुपारी फुप्फुसांना त्रासदायक असा ओझोन वायू वाढतो. उरतात ते सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस. पहिला पाऊस धूळ बसवतो आणि शेगड्या अजून पेटलेल्या नसतात. मात्र वनक्षेत्रालगत जाळण्यावर असलेली उन्हाळी बंदी १५ ऑक्टोबरला संपते. शिवाय वडिलांना दिवाळी गावीच करायची आहे, आणि त्यांच्या मनाविरुद्ध मला काही ठरवायचे नाही.

श्वसनविकारांचे डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांना विचारायचे आहे की, ऑलिव्हच्या परागांच्या ॲलर्जीची त्वचेवरील चाचणी महाराष्ट्रात होते का, आणि पूर्वी संपर्कच आला नसताना तिच्या निकालाला कितपत अर्थ असतो. आंदालुसिया, इटलीतील पुल्या किंवा ग्रीसमधील क्रीटसारख्या ऑलिव्हच्या भागात सीओपीडी असलेल्या आईवडिलांना कोणी आणले असल्यास, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात धुराचा अनुभव कसा होता तेही कळवावे. निजण्याच्या खोलीत हेपा गाळणीचे (हवेतील अतिसूक्ष्म कण अडवणारे) यंत्र लावण्याचा विचार आहे. शेगडीचा धूर फटींतून येत राहतो अशा जुन्या दगडी घरात त्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला का, की आधी खिडक्यांच्या फटी बुजवणे अधिक गरजेचे आहे?

वडिलांचे नेहमीचे डॉक्टर तपासून सल्ला देतीलच, पण त्यांना येथील हवेची कल्पना नाही. त्यांच्यापुढे कोणती माहिती ठेवावी, हेही कृपया सुचवावे. व्हिसाच्या अर्जात तारखा भरायच्या आहेत.