पार्टिशनला हात न लावता लिनक्स वापरून बघायचंय

खिडकीबाहेर
लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. रॅम ८ जीबी, ५१२ जीबीची एसएसडी, तिच्यावर एकच सी ड्राइव्ह, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू. लिनक्स महिनाभर रोजच्या कामाला वापरून बघायचंय, पण डिस्कचे तुकडे करायचे नाहीत. पेनड्राइव्हवरून चालतं, व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजवर खिडकीत चालणाऱ्या नकली संगणकात) चालतं, विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल म्हणून चालतं, असं वाचलं. यातलं काय घ्यावं? पेनड्राइव्हवर केलेलं काम मशीन बंद केल्यावर उडतं का? जुन्या लेखांत वुबीचं (विंडोजच्या आतूनच उबंटू बसवणारं साधन) नाव दिसतं, ते अजून आहे का?

टर्मिनलवाला
वुबी विसरा. उबंटूने (लिनक्सचा एक प्रकार) ते आपल्या १३.०४ आवृत्तीपासूनच सोडून दिलंय.

सुरुवात लाइव्ह पेनड्राइव्हनेच करा, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट त्यावरून लिनक्स चालवा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण लावल्यावर झोपलेलं मशीन धड उठतं का, हे दुसरीकडे कुठेच कळत नाही. १६ जीबीचा यूएसबी ३ पेनड्राइव्ह घ्या (आतलं सगळं पुसलं जाईल). मिंटची (लिनक्सचाच दुसरा प्रकार) आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर चढवायची फाइल, साधारण ३ जीबीची आहे, उबंटूची ६ च्या आसपास. उतरवल्यावर शा-२५६ बेरीज (फाइल पूर्ण आणि बिनचूक आहे का हे सांगणारा आकडा) जुळवून बघा; अर्धवट उतरलेली आयएसओ कधीकधी बूट होते आणि मग भलत्याच ठिकाणी अडकते.

रूफसमध्ये (असा पेनड्राइव्ह बनवणारा विंडोजवरचा प्रोग्रॅम) आयएसओ निवडली की 'पर्सिस्टंट पार्टिशन साइज' अशी सरकपट्टी दिसते. ती शून्यावर ठेवलीत तर सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि बंद करताच उडतात. ६-८ जीबी दिलेत तर फाइली, सेटिंग, वायफायचा पासवर्ड टिकतो.

बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवलीत तर उपयोग शून्य. सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेली सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद करायची गरज नाही, उबंटू, मिंट आणि फेडोरा ते चालू असतानाच बूट होतात. उगाच बंद केलंत की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ती की मागतं, आणि लोकांना वाटतं लिनक्सने डिस्क खाल्ली.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग 'यूज अ डिव्हाइस'. बूटचा क्रम बदलावा लागत नाही.

जुनाकीबोर्ड
वरचं बरोबर, पण महिनाभर पर्सिस्टन्सवर (पेनड्राइव्हवर बदल टिकवायच्या त्या सोयीवर) काढू नका. मूळ सिस्टम तशीच गोठलेली असते आणि तुमचे बदल तिच्यावर थर म्हणून चढतात. सगळे अपडेट टाकलेत की तो थर भराभर भरतो, आणि नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) टाकूनही बूट जुन्याच कर्नलने होतं. फायरफॉक्स वापरा, एखाद-दुसरं पॅकेज टाका, सरसकट अपग्रेड नको. शिवाय साधा पेनड्राइव्ह छोट्या-छोट्या लिखाणात फार रडतो. ब्राउझर दोन-दोन सेकंद थिजला तर दोष लिनक्सचा धरू नका.

रोजच्या वापराला १२८ किंवा २५६ जीबीची बाहेरची यूएसबी एसएसडी घ्या आणि तिच्यावर रीतसर इन्स्टॉल करा. फक्त एक जुनं दुखणं आहे. उबंटूचा इन्स्टॉलर बाहेरची डिस्क निवडली तरी बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बरेचदा आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटच्या फाइलींच्या भागात, टाकतो. मग एसएसडी काढली की काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' (त्या बूटलोडरचं नाव) दिसतं. विंडोज शाबूत असतं. बूट मेन्यूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं की उघडतं. पण पहिल्यांदा हे बघून घाम फुटतो.

हे टाळायचं तर इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसूच द्यायची नाही. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स ७ (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) मध्ये बिनडिस्कचं मशीन बनवा, त्याला ईएफआय चालू करा, यूएसबी ३ कंट्रोलर द्या, आयएसओ जोडा आणि बाहेरची एसएसडी यूएसबी फिल्टरने त्याला देऊन टाका. इन्स्टॉल झालं की तीच एसएसडी खऱ्या मशीनवर बूट मेन्यूतून निवडा.

खिडकीबाहेर
व्हर्च्युअलबॉक्स बसवणारच असेन, तर तिथेच का नाही वापरायचं?

रॅमशास्त्री
८ जीबीत ओढाताण होते. मशीनला ४०९६ एमबी रॅम, २ प्रोसेसर, १२८ एमबी व्हिडिओ मेमरी आणि २५ जीबीची 'डायनॅमिक' डिस्क द्या. ती लागेल तशी फुगते, सुरुवातीलाच २५ जीबी अडवत नाही. उरलेल्या चारात विंडोज आणि ब्राउझर दाटीवाटीने बसतात, म्हणून डेस्कटॉप एक्सएफसीईसारखा हलका घ्या. खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसलं तर समजा हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) मध्ये आलंय आणि वेग त्यामुळेच गेलाय.

फायदा एकच, पण मोठा: स्नॅपशॉट. काहीही मोडा, मिनिटभरात मागे या. तुमच्या वायफाय कार्डाबद्दल मात्र इथे काहीच कळणार नाही, कारण मशीनला फक्त नकली नेटवर्क कार्ड दिसतं.

डब्ल्यूएसएल घ्या ते कमांड आणि प्रोग्रॅमिंग शिकायला. पूर्ण डेस्कटॉपचा अनुभव त्यात नाही. आणि आतल्या फाइली पुसल्या तरी त्याची डिस्क-फाइल आपोआप आकसत नाही, सी ड्राइव्ह भरत चालला तर आधी तिथे बघा.

खिडकीबाहेर
पेनड्राइव्ह केला, मिंट सुरू झालं, वायफायही लागलं. विंडोजमध्ये परत आलो तर घड्याळ काही तासांनी चुकलंय, आणि पेनड्राइव्ह लावला की 'फॉरमॅट करायचं का' विचारतंय.

टर्मिनलवाला
'कॅन्सल' दाबा! विंडोजला पर्सिस्टन्सचं ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीचं) पार्टिशन वाचता येत नाही म्हणून ते विचारतं. 'हो' म्हणालात की साठवलेलं सगळं गेलं. घड्याळाचं असं की लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं आणि विंडोज स्थानिक वेळ. सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा. एसएसडीवर इन्स्टॉल केल्यावर लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला सांगा, 'टाइमडेटसीटीएल' कमांडने एका ओळीत होतं.