अनुभव धागा : पाटी कोरणाऱ्याच्या घरचा नाताळ

मुरलेले लाकूड

एका गृहस्थांनी त्यांच्या दारावरची जुनी लाकडी पाटी पुन्हा रंगवण्यासाठी नुकतीच माझ्याकडे आणून दिली. गरम हवेने सैल करत रंगाचे थर खरवडले, तेव्हा सर्वांत खालच्या थराखाली वडिलांची कोरणी दिसली. अक्षराच्या खाचेची वरची बाजू ते खालच्या बाजूपेक्षा किंचित उभी ठेवत, म्हणजे भर दुपारीही खाचेत सावली राहते आणि नाव दुरून वाचता येते. हाताने ती खाच चाचपली आणि डिसेंबरमधले आमचे घर डोळ्यांसमोर आले.

आमची कार्यशाळा गावाबाहेर, घराला लागूनच होती. नवे घर बांधलेल्या प्रत्येकाला नाताळचे पाहुणे येण्याआधी दारावर पाटी हवी असे, त्यामुळे वडील 24 डिसेंबरपासून उलटे दिवस मोजत : शेवटचा हात वाळायला किती, त्याआधीचा अस्तराचा हात वाळायला किती, आणि हवा दमट राहिली तर त्यात आणखी किती भर घालायची. मुरलेले लाकूड मात्र घाईने मिळत नाही. फळी एक इंच जाड असेल, तर ती उघड्या हवेत वाळायला साधारण एक वर्ष धरतात, म्हणून या नाताळच्या पाट्यांचे लाकूड आधीच्या नाताळपूर्वीच रचून ठेवलेले असे. चोवीस तारखेच्या संध्याकाळी पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या जात, कामाचे टेबल रिकामे होई आणि त्यावर आम्ही भावंडे येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाण मांडत असू. गव्हाणीत गवताऐवजी रंध्याच्या लांब सालपटांचा बिछाना असे.

ज्यांच्या घरात हे काम होते किंवा आहे, त्यांनी आपल्या आठवणी अवश्य लिहाव्यात. लाकूड असो वा दगड, दोन्ही चालेल.

ओसरी

माझे पती पाट्या कोरतात, त्यामुळे उलटे दिवस मोजण्याविषयी वाचताना अगदी आमच्याच घराविषयी वाचते आहे असे वाटले. गावाबाहेर राहणाऱ्या कारागिराचे घर हेच त्याचे दुकान असते आणि त्याला बंद करण्याची वेळ नसते. सणाच्या आदल्या संध्याकाळी घरात प्रार्थनेची तयारी चालू असताना दाराशी गाडी थांबते, आणि आलेली व्यक्ती इतक्या आनंदाने आपल्या नव्या घराचे नाव सांगते की तिला नाही म्हणणे यांना जमत नाही. मला त्याचा त्रास होतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे, आणि आता विसाव्या तारखेनंतर नवे काम घ्यायचे नाही असे आमचे ठरले आहे.

तरीही या कामात मुलांचा वाटा आहे, याचे मला फार समाधान वाटते. अक्षरांमधले अंतर केवळ पट्टीने मोजून भागत नाही. 'ग' आणि 'श' यांसारखी उभ्या दंडाची अक्षरे शेजारी आली की मधली जागा चिंचोळी भासते, आणि 'ट' किंवा 'ठ' यांच्या बाजूला ती उगाच मोकळी दिसते. म्हणून हे फळीवर पेन्सिलीने नाव आखून ती भिंतीला टेकवतात आणि मुलांना फाटकापाशी उभे राहून ते वाचायला सांगतात. धाकटी जिथे अडखळते तिथली आखणी पुसली जाते.

गव्हाणीतली मेंढरे

आमच्या घरी वडील पाट्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून दर वर्षी गव्हाणीसाठी एक नवी आकृती कोरत असत. 1223 साली इटलीतील ग्रेचो येथे असिसीच्या फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण, गवत आणि जिवंत बैल व गाढव आणून नाताळचा देखावा उभा केला होता, ही कथा आजी आम्हांला त्याच वेळी सांगत असे. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव यांचा उल्लेख नाही, हे वडिलांना ठाऊक होते. तरी त्यांनी बैल कोरला, आणि तोही सर्वांत आधी. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आपण ते तिघे होते असे धरतो. वडिलांनी मात्र चौथाही कोरला, आणि त्याच्या हातात काहीच दिले नाही. रिकाम्या हाताने आलेल्यालाही तिथे जागा असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आता तो माझ्या घरी असतो आणि माझी मुले त्याला सगळ्यांच्या पुढे उभे करतात.

वर्ख

मुरलेले लाकूड यांना एक प्रश्न विचारायचा आहे. त्या जुन्या पाटीवर सोन्याचा वर्ख होता की सोनेरी रंग? आमच्याकडेही एक पाटी आहे आणि तिची अक्षरे तपकिरी पडली आहेत.

काळी शिळा

मी दगडावर, प्रामुख्याने कबरींवरच्या शिळांवर, अक्षरे कोरतो. आमच्या कामात डिसेंबरचा अर्थ वेगळा असतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेले असते, त्या घराला वाटते की नाताळला सारे नातेवाईक कबरीपाशी जमतील तेव्हा नाव कोरलेले असावे. ते लोक घाई करत नाहीत, किंमत विचारत नाहीत, फक्त नावाचे स्पेलिंग दोनदा तपासून घेतात. माझ्या आईची शिळा मीच कोरली. तिच्या जन्मवर्षाचे आकडे सहज कोरले गेले, पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या आकड्यापाशी हात थांबला आणि तो आकडा नाताळ उलटून गेल्यावरच पूर्ण झाला. त्या वर्षी शिळा तशीच अपुरी, घरात, झाकून ठेवलेली होती, आणि जेवणाच्या टेबलावर तिची खुर्ची कोणी हलवली नाही.

हात चालेनासा झाला की मी आखणीकडे वळतो. रोममध्ये सम्राट ट्रेजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इ.स. 113 मधला लेख आहे. त्याची अक्षरे आधी चपट्या कुंचल्याने दगडावर रंगवली आणि मग छिन्नीने कोरली, असे एडवर्ड कॅटिच यांनी 1968 साली सविस्तर मांडले. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवत असत. आईचे नावही मी आधी कुंचल्यानेच लिहिले होते.

मुरलेले लाकूड

काळी शिळा, आपल्या आईविषयी वाचून मन भरून आले. तो आकडा थांबला, हे योग्यच झाले असे मला वाटते.

वर्ख यांच्या प्रश्नाचे उत्तर : त्या जुन्या पाटीवर खरा वर्ख होता. तपकिरी पडलेली अक्षरे बहुधा सोनेरी रंगाची असतात, कारण त्या रंगात पितळेसारख्या धातूची पूड असते आणि ती हवेने काळवंडते. खरे सोने काळे पडत नाही. आपण नव्याने वर्ख लावणार असाल, तर त्याखालचा तेलकट लेप बोटाच्या पेराने तपासावा : लेपाने पेर ओढून धरले पाहिजे, पण लेप पेराला लागता कामा नये. दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण वर्ख श्वासानेही उडतो.

यंत्र आणि पटाशी

येथे यंत्राविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरी मी संगणकावर चालणारे कोरणीयंत्र आणले, तेव्हा वडील बराच काळ नाराज होते, आणि त्यांचे म्हणणे मी आजही आदराने ऐकतो. लाकडाची गाठ कुठे आहे, तंतू कुठल्या दिशेने उचकटतील, हे यंत्राला कळत नाही. शिरोरेषा फळीच्या तंतूंच्या दिशेनेच जाते, त्यामुळे हाताने कोरताना पटाशी ओढली जाऊन लाकूड पुढे चिरण्याची भीती असते, आणि म्हणून वडील आधी रेषेच्या दोन्ही टोकांना आडवे काप देतात. ही समज हातातच असते. पण उठावाच्या अक्षरांभोवतीची पार्श्वभूमी खोल करण्याचे कष्टाचे काम आता यंत्र करते, आणि फिरत्या पात्यामुळे गोल राहिलेले आतले कोपरे वडील पटाशीने काढतात. पूर्वी नाताळच्या आधीच्या रात्री ते कार्यशाळेतच झोपत. आता अंधार पडला की ते घरात येतात, आणि भजनाच्या सरावाला घरात एक खर्जातला आवाज वाढला आहे.