विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतली ठेव: ठेवावी की हलवावी?

रानवाट: आईबाबा चंद्रपूर जिल्ह्यात असतात. बाबांचं बचत खातं, पीककर्ज सगळं विदर्भ कोकण ग्रामीणमध्ये. आईच्या नावावर तिथे साडेतीन लाखांची एफडी आहे. तिच्या माहेरी, नांदेडला, महाराष्ट्र ग्रामीणमध्येही अडीच लाख आहेत. आता दोन्ही बँका एक झाल्यात. शेजारचे काका म्हणतात, पैसे काढून घ्या. जाणकारांनी सांगावं.

खतावणी: काकांचं ऐकू नका. हे 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' धोरणातलं विलीनीकरण आहे, १ मे २०२५ पासूनचं. देशातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. आपल्याकडे दोन्ही मिळून 'महाराष्ट्र ग्रामीण बँक', मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. मालकी केंद्राची ५०, राज्याची १५ आणि प्रायोजक बँकेची ३५ टक्के. बुडत्या पतसंस्थेला कुणाच्या गळ्यात बांधलंय, असा हा प्रकार नाही.

तसंही या बँकांना हे नवं नाही. जुनी महाराष्ट्र ग्रामीण २००९ मध्ये मराठवाडा ग्रामीण आणि महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण एकत्र होऊन झाली. विदर्भ कोकण २०१३ मध्ये, विदर्भ क्षेत्रीय आणि वैनगंगा कृष्णा यांची मिळून. बाबांना जुनी नावं आठवत असतील, विचारा.

मुदतठेव_प्रेमी: +१. पण आईंच्या ठेवींकडे बघा. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर मिळणारी भरपाई, दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. आधी दोन बँका होत्या, दोन्ही रकमा पूर्ण विम्यात होत्या. आता एकच बँक, म्हणजे बेरीज सहा लाख आणि वर व्याज. मी मुदत मोडणार नाही, उगाच व्याज कापलं जाईल. मुदत संपली की एक ठेव आई आणि बाबांच्या संयुक्त नावावर करा, ती विम्यासाठी वेगळी धरतात. एफडीचा ठरलेला दर मुदतीपर्यंत तोच राहतो.

रानवाट: हे डोक्यातच आलं नव्हतं! आणि पीककर्ज? सातबाऱ्यावर बोजा जुन्या बँकेच्या नावाने आहे.

खतावणी: राहू दे. येणी-देणी सगळी कायद्याने नव्या बँकेकडे गेली. कर्ज फिटल्यावर नो ड्यूज (बाकी नसल्याचं प्रमाणपत्र) नव्या बँकेचं घ्या आणि तलाठ्याकडे देताना विलीनीकरणाच्या राजपत्राची प्रत जोडा, म्हणजे 'ही बँक कुठली' म्हणून हेलपाटा पडणार नाही.

काळीमाती: पीएम किसानचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे नुसता आयएफएससी (शाखेचा कोड) बदलला म्हणून हप्ता अडत नाही. विम्याचा हप्ता, एसआयपी वगैरे आपोआप कापलं जात असेल तर मात्र शाखेत विचारून घ्या. जुनं चेकबुक कधीपर्यंत चालेल तेही विचारा, पुढच्या तारखांचे चेक कुणाला दिले असतील तर आधी.

आणि बाबांना बजावून ठेवा: 'बँक बदलली, खातं बंद होईल, ओटीपी सांगा' असा फोन आला की सरळ ठेवून द्यायचा.

रानवाट: आभार मंडळी. आईची नांदेडची ठेव दिवाळीनंतर पिकतेय, तेव्हा संयुक्त करतो. काकांनाही हा धागा वाचून दाखवतो.